नेमका अंदाज

"लाकडाचा अंदाज काढावा तो ब्रह्मदेवाने, नाहीतर मी!" असं सासरेबुवा छातीठोकपणे सांगत. प्रत्यक्षात स्लॅबखालच्या टेकूंना लागणाऱ्या बल्ल्या ते सरळ दुप्पट लिहीत. ठेकेदार न वाचताच निम्म्या छाटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या वेळी ते तापाने पडले आणि अंदाज काढला नव्या जावयाने. इमानेइतबारे, अगदी नेमका.

ताप उतरल्यावर त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. "छाटल्या हो निम्म्या, नेहमीसारख्या!" तो हसला. "वर काँक्रीट पडतंय आता."

सासरेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगेच साइटवर असलेल्या जावयाला फोन केला. ते तोंड उघडणार, एवढ्यात तोच म्हणाला,

"बाबा, बल्ल्या कमी, त्यामुळे स्लॅबखाली ऐसपैस जागा झालीय. सगळे इथेच जेवायला बसलोय. तेवढी एक चटई पाठवता?"