उजवीकडचं मागचं चाक

“हात लाव, पण लगेच काढ,” फिटर म्हणाला.

आबांनी पिकअपच्या उजवीकडच्या मागच्या चाकाला बोट टेकवलं आणि चटका बसताच झटकन मागे घेतलं. डावं चाक मात्र थंड होतं. गॅरेजभर जळकट वास सुटला होता.

“कधीपासून?”

“महिना झाला असेल. सकाळी नर्सरीतून निघालो की पहिल्या कोपऱ्यावरच वास येतो. गाडीही जड चालते, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी.”

आबांची घरापलीकडच्या गल्लीत रोपांची नर्सरी होती. कुंड्या आणि मातीच्या गोण्या घरोघर पोचवणारी ही पिकअप त्यांच्या मुलीच्या वयाची. मुलगी सासरी गेली, पिकअप राहिली, आणि दोघींपैकी लाड कुणाचे जास्त झाले हे आबांना विचारायची सोय नव्हती.

फिटर त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलली आणि चाक हातानं फिरवलं. अर्धा फेरा कुरकुरत जाऊन ते थांबलं. मग गाडीखाली सरपटत जाऊन त्यानं हँडब्रेकची केबल ढिली केली. आता चाक भिंगरीसारखं फिरलं.

“सापडला चोर. केबल आतून गंजलीय. लिव्हर खाली टाकला तरी ती मागे सरकत नाही, ब्रेक चाकाला चिकटूनच राहतो.”

आबांचा चेहरा असा उजळला की फिटरला हसू आलं. “लेका, केबल बदलायचीय. लॉटरी नाही लागली तुला.”

“म्हणजे दोष गाडीचाच ना? माझा नाही?”

फिटरनं पाना खाली ठेवला. “काय झालंय काय?”

मग आबांनी पोटातलं सांगून टाकलं. हँडब्रेकला त्यांनी वर्षानुवर्षं हात लावला नव्हता. नर्सरीचं अंगण सपाट. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि उतरायचं. पण हल्ली सकाळी लिव्हर वर ओढलेला सापडायचा. आपण तो कधी ओढला, हे काही केल्या आठवायचं नाही. शरीरही साथ देईनासं झालं होतं. गाडीत चढताना गुडघा स्टिअरिंगला आपटायचा. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं, चष्मा कुठे ठेवला ते विसरण्यापासून. शेवटी शेवटी तो स्वतःच्या बायकोला ‘तुम्ही कोण?’ असं विचारायचा. त्या प्रश्नाच्या धास्तीनं आबांची झोप उडाली होती.

“दुसरं कुणी चालवतं का गाडी?”

“किल्ली आमच्या स्वयंपाकघरात, खिळ्याला. घरात आम्ही दोघं. आणि हिला तर तू ओळखतोस.”

दोघंही हसले. आबांची बायको सायकल शिकताना दोनदा गटारात गेली होती, आणि तो किस्सा आबा लग्नापासून येईल त्याला रंगवून सांगत आले होते.

“वहिनींना बोललास हे?”

“वेडा आहेस का? हातपाय गाळून बसेल ती. आत्ता कुठे शेजारच्या बाईंबरोबर सकाळी फिरायला जायला लागलीय. जरा तरतरीत दिसतेय.”

फिटरनं चाक काढलं, ड्रम ठोकून बाहेर ओढला आणि आत वाकून पाहिलं. ब्रेकचं अस्तर जळून काळं ठिक्कर पडलं होतं.

“खरं सांग,” आबा म्हणाले.

“नुसत्या गंजानं एवढं होत नाही. हँडब्रेक ओढलेला ठेवूनच गाडी चालवलीय. पुन्हा पुन्हा.”

आबा स्टुलावर बसले.

“दुरुस्त कर,” ते शेवटी म्हणाले. “रविवारी मुलगी यायचीय. किल्ली तिच्या हातात देऊन टाकतो. रस्त्यात कुणाचं लेकरू आडवं आलं आणि ब्रेक कुठला तेच विसरलो तर?”

फिटरनं नवी केबल घातली, नवे ब्रेक शू बसवले. चाक मोकळं फिरलं आणि लिव्हर ओढताच जागच्या जागी थांबलं. एरवी आबांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली असती.

घरी बायकोनं दारातच विचारलं, “झाली का हो गाडी? ब्रेक नीट लागतो ना आता? आणि सुटतो ना?”

“झाली गं बाई. तुला कशाला एवढी काळजी?”

“विचारलं आपलं,” म्हणत ती आत गेली.

रविवारी मुलगी यायच्या आधी गाडी धुवून ठेवावी, म्हणून आबा नेहमीपेक्षा बरेच लवकर उठले. खिळ्याला किल्ली नव्हती. खिशातही नव्हती. आता किल्लीसुद्धा, असं पुटपुटत ते नर्सरीवर पोचले. फाटक सताड उघडं होतं आणि अंगणात गाडी नव्हती.

काल गाडी सोडली कुठे आपण? फाटकाचा खांब धरून ते आठवू लागले. आठवत होतं ते इतकंच, की गाडी इथेच लावली होती. पण स्वतःच्या आठवणीवर त्यांचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यावरून पिकअप आली. गोगलगायीच्या चालीनं फाटकातून वळली आणि अंगणात मधोमध थांबली. शेजारच्या बाई दार उघडून खाली उतरल्या. स्टिअरिंगमागे, सीट पार पुढे ओढून, आबांची बायको बसली होती. खांबाआडचे आबा तिला दिसले नाहीत.

“बघितलंत ना बाई?” ती आनंदानं ओरडली. “आज हँडब्रेक काढायला विसरले नाही मी!”