परवाचं

बुधवार, १७ मार्च १९५४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. घाटकोपरजवळच्या एका लष्करी डेपोत शिपाई जयवंत घाडी पहाऱ्यावरून सुटला आणि रायफल जमा न करता चहाच्या रांगेपाशी आला. त्याने आठ गोळ्या झाडल्या. पाच जण मेले, त्यांत एक हवालदार. नववी गोळी अडकली तेव्हा त्याने रायफल खाली ठेवली आणि बाकावर बसून राहिला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कोर्ट मार्शलने त्याला फाशी सुनावली. वरून मंजुरी यायची बाकी होती. कागद सोमवारी दिल्लीला निघणार होते.

आदल्या रविवारी दुपारी मार्तंड कर्णिक मुलुंडच्या एका चाळीत जयवंतच्या आईचं दार शोधत होता. खटल्यात तो दुभाषी होता. साक्षीदारांचं मराठी इंग्रजीत सांगायचं, एवढंच त्याचं काम. तशी त्याने शपथ घेतली होती.

जयवंतच्या बराकीतल्या बाळा नावाच्या शिपायाने साक्ष दिली होती. सोमवारी संध्याकाळी जयवंत त्याला म्हणाला होता, "माझ्या डोक्यात परवाचंच आहे." मार्तंडने ते न अडखळता इंग्रजीत सांगितलं: उद्यानंतरच्या दिवसाचं. सोमवारचा परवा म्हणजे बुधवार. कोर्टाने लिहून घेतलं, की आरोपीचा बेत दोन दिवस आधी ठरलेला होता.

बचावाचा कॅप्टन मद्रासकडचा. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. बाळाला परत विचारावं, असं मार्तंडच्या मनातही आलं नाही.

निकालानंतर दोन दिवसांनी त्याची बायको सुहासिनी चहा देता देता म्हणाली, "अहो, परवाच्या लग्नाचा आहेर अजून कपाटातच पडलाय."

"झालेल्या लग्नाचा की व्हायच्या?"

"व्हायच्या! झालेल्याचा कशाला ठेवीन? एवढे कोर्टात दुभाषी, आणि घरातलं मराठी कळेना."

मार्तंडने कपबशी खाली ठेवली. सोमवारचा परवा शनिवारही होता. त्या शनिवारी जयवंतचा बाप मुलुंडला वारला होता. जयवंतने रजा मागितली. हवालदाराने सगळ्यांसमोर सांगितलं, "बापाला जाळायला लाकडं लागतात, तू नाही लागत." परवाचंच डोक्यात आहे म्हणजे ते.

दुसऱ्याच दिवशी तो कॅप्टनकडे गेला. कॅप्टनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "निकाल लागल्यावर दुभाष्याला पान्हा फुटला, असं म्हणतील. कागद आणा. त्याच्या डोक्यात बापाच्या मरणाचंच होतं असा, त्याच्या हातचा. मग फाशीची जन्मठेप होऊ शकेल."

रविवारी जयवंतच्या आईने, वनमालाबाईंनी, दार उघडलं. मार्तंडने खोलीत बसून सगळं सांगितलं. रेल्वेत येताना चार वेळा जुळवलेली वाक्यं होती.

"म्हंजे चूक तुमची आणि फास माज्या झिलाक?"

"हो."

तिने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवला.

"शिकलेला माणूस ना तुमी? विचारूक काय झाला होता, खयचो परवा म्हणान?"

बाहेर गॅलरीत कोणीतरी बादली आपटली. शेजारचं दार जराशी फट ठेवून बंद झालं.

"मार्चपासून असाच," ती म्हणाली. "कोण येणा नाय, बोलणा नाय."

"त्याने तुम्हाला काही लिहिलं होतं का? बाप गेल्यावर? दोन ओळी असल्या तरी चालतील."

ती उठली आणि देवाच्या फळीवरून एक पाकीट काढून आणलं. ते चिकटवलेलंच होतं.

"उघडलं नाहीत?"

"माका खय वाचूक येता? मंगळवारी दुपारी पोस्टमन देवन गेलो. खालचो नंदकिशोर वाचून दाखवता, तो शिमग्याक गावाक गेल्लो. म्हटलंय, इलो की वाचून घेवया. दुसऱ्या दिवशी तर असा झाला. मगे कोणाच्या हातात देव? पोलिसांका मी बोललंय नाय. माज्या झिलाचा शेवटचा पत्र, ता तरी माज्याकडे रवांदे."

मार्तंडने पाकीट उलटसुलट केलं. डेपोच्या टपालाचा शिक्का, तारीख १५ मार्च. सोमवार. नेमका तोच सोमवार. अडीच महिने हा कागद इथे पडून होता, आणि तिथे आपण छातीठोकपणे बोलत होतो.

"ह्येच्यान वाचात तो?" तिने विचारलं.

"सुटणार नाही. पण फाशी टळेल."

"मगे मोठ्यान वाचा. एक शब्द गाळू नकात."

मार्तंडने कड फाडली, घडी उलगडली. वहीतलं पान, पेन्सिलीचं अक्षर, चारच ओळी. मोठ्याने वाचायच्या आधी त्याने त्या मनात वाचल्या. ती पदर सावरून त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती आणि त्याच्या ओठांकडे बघत होती.

"आई, हे पत्र मंगळवारी तुला मिळेल. मिळताच डेपोच्या गेटवर ये आणि माझं नाव सांग. तू दिसलीस तर माझा हात थांबेल. नाही आलीस तर बुधवारी पहारा सुटल्यावर मी इथल्या कोणालाही सोडणार नाही."