पितळेची नाणी

नेरच्या देवसिंग राठोडांना युरोपातली, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली सोन्याची नाणी जमवायचा नाद. पण त्यांच्या तांड्यावरची रीतच अशी, की घरात आलेल्या नाण्याला भोक पडायचं आणि ते बाईच्या गळ्यातल्या हारात जायचं. म्हणून त्यांनी बायकोला, पुष्पाबाईंना, बजावून ठेवलेलं, "हे सारे पितळेचे हायेत. हात लावू नोको."

मग रोज दुपारी भिंग लावून ते नाणी न्याहाळत बसायचे. "सोनं ओळखाले नजर लागते," असं मित्रांना हळूच सांगायचे.

काल विमा उतरवायचा म्हणून ते डबी घेऊन सोनाराकडे गेले. सोनारानं एकेक नाणं तळहातावर तोललं आणि हसला, "काका, हे तं पितळ आहे!"

तणतणत घरी आले, तर पुष्पाबाई भाचीच्या लग्नाला निघालेल्या. गळ्यात झगझगीत हार, आणि त्याच्या मधोमध, डोक्यात भोक पाडलेला, चेकोस्लोव्हाकियाच्या नाण्यावरचा सिंह.

"माहे नाणे काहून बदलले?" देवसिंग ओरडले.

पुष्पाबाईंनी शांतपणे पदर सारखा केला.



"दोन वर्सापासून पितळच पाहून राह्यले तुमी भिंगातून. नवऱ्याचा शब्द खोटा पडू देऊ का मी?"