कंबरभर पाणी

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदात पाणी जेमतेम कंबरेइतकं होतं. तो उतरला तसा मेव्हणा पहिल्या बाकावरून म्हणाला, "पास्टर, दाजींची काळजी नको. तलावावर जीवरक्षक आहेत ते!" सगळे हसले, तोही हसला.

पास्टरांनी विचारलं, "आपलं सगळं जीवन प्रभूच्या हाती सोपवतोस?"

"सोपवतो." तो अगदी मनापासून म्हणाला.

"मग अंग सैल सोड. मी धरलंय तुला."

पास्टरांनी त्याला पाठीवर मागे पाण्यात झुकवलं. पाणी नाकावर आलं आणि पुढचं त्याला कळलंच नाही. भानावर आला तेव्हा बाकावरच्या बायकोने स्वतःच्या तोंडावर हात धरला होता, आणि म्हाताऱ्या पास्टरांचा गळा त्याच्या दोन्ही हातांच्या विळख्यात करकचून आवळलेला होता. तो हबकला. वीस वर्षांत अशी मिठी त्याला फक्त बुडणाऱ्यांनी मारली होती.

त्याने घाईने हात काढले. पास्टर खोकत खोकत म्हणाले, "अरे, जीवरक्षक ना तू? पाण्याला घाबरलास?"

"पाण्याला नाही, पास्टर." तो म्हणाला. "सोपवतो म्हणालो खरा. पण तुम्ही धरून ठेवाल, यावर माझा विश्वासच नव्हता."