मूळ मजकुरातला ‘मुळ’

मुक्त सॉफ्टवेअर हा मानवी स्वातंत्र्याचा एक थोर आविष्कार आहे. ते कोणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, वाटावं. बदलायची मुभा नाही ती फक्त एका पानाला: हे सगळं बदलायची मुभा आहे, असं सांगणाऱ्या परवान्याच्या पानाला.

ते पान जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये उघडं होतं आणि सून त्याच्याकडे वैऱ्याकडे पाहावं तशी पाहत होती. कपडे बेतायचे आराखडे काढून देणाऱ्या एका मुक्त प्रोग्रामची माहितीपुस्तिका ती ऑफिस सांभाळून, कित्येक वर्षं याच टेबलावर लिहीत आली होती. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर पुस्तिका पहिल्यांदाच जगात जायची होती. आणि दुपारी तपासणी करणाऱ्या यंत्राचा निरोप आला: पुस्तिकेला जोडलेल्या परवान्याचा मजकूर मूळ मजकुराशी जुळत नाही. पाचपर्यंत जुळवा, अन्यथा पुस्तिका वगळण्यात येईल.

फरक एका अक्षराचा होता. तो आत्ताच सापडला होता.

“आई, परवान्याच्या पानाला तुम्ही हात लावलात?”

“हात कशाला लावू? दुरुस्त केलं,” सासूबाई म्हणाल्या. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली बाई. पुस्तिकाही त्यांनीच तपासली होती आणि त्यांच्या लाल खुणा सून डोळे मिटून टाइप करत गेली होती. घरात शांतता हवी असेल तर दुसरा मार्ग नव्हता. “‘मुळ मजकूर’ लिहिलंय मेल्यांनी! ऱ्हस्व! मी दीर्घ केला.”

“तो दीर्घ ऊकार माझ्या पुस्तिकेच्या मुळावर आलाय.”

“हं. ‘मुळावर’मध्ये मात्र ऱ्हस्व. सामान्यरूप.”

“आई, ती चूक आहे तशीच ठेवायची असते. ‘प्रत जशीच्या तशी करावी, बदल करू नये,’ असं त्याच पानावर लिहिलंय.”

“वाचलं. ते वाक्यही लंगडंच आहे. दया आली म्हणून सोडलं.”

सुनेचा हात की-बोर्डकडे गेला.

“खुशाल कर,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त पहिल्या पानावर ‘मुद्रितशोधन’ म्हणून माझं नाव घातलंयस, ते आधी काढ. माझ्या नजरेखालून आजवर ‘मुळ’ गेलेला नाही.”

हात थांबला. त्यांनी तपासलेल्या पुस्तकांनी कपाटं भरली असतील; नाव एकातही नव्हतं. हे पहिलंच.

“एका ऊकारासाठी एवढं?” सोफ्यावरून सासूबाईंच्या मुलाने विचारलं.

दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. या घरात त्यांचं एकमत झाल्याचा हा दुर्मीळ प्रसंग. तो पुन्हा आडवा झाला.

“आई,” सून म्हणाली, “एखाद्या कवीने हस्तलिखित प्रतीत हट्टाने चुकीचं लिहिलं असेल, तर तुम्ही काय करायचात?”

“प्रतीप्रमाणे ठेवायचे,” सासूबाई म्हणाल्या. “चूक कवीची. आपलं काम जुळवायचं.” मग एकदम ताठ झाल्या. “पण तू मला या पानाची प्रत दिलीसच कुठे? प्रतीशिवाय मुद्रित वाचायला देतात का कधी? ही चूक तुझी आहे!”

“माझीच आहे, आई.”

“मग वाच मूळ प्रत. मोठ्याने.”

सून स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट वाचत गेली. सासूबाई पडद्यावर बोट फिरवत जुळवत गेल्या. ‘मूळ’पाशी बोट थांबलं. त्यांनी चष्मा सारखा केला, दीर्घ ऊकार स्वतः खोडला आणि ऱ्हस्व टाइप केला.

पडद्यावर हिरवी ओळ उमटली: मजकूर जुळतो. पाच वाजायला आले होते.

“चूक बरोबर लागली ना?”

“अगदी अचूक!”

सासूबाईंनी टेबलावर असा हात आपटला की लॅपटॉप उडाला. सुनेने त्यांना मिठी मारली. मुलाला चहा टाकायला पिटाळण्यात आलं.

पुस्तिका नव्या आवृत्तीबरोबर गेली, पहिल्या पानावरच्या नावासकट. प्रोग्रामची ती आवृत्ती पहिल्याच महिन्यात हजारो लोकांनी उतरवून घेतली.

पुस्तिका वेगळी उतरवावी लागते.