पुढची सीट

"पुढे तू बस," दिवाकर म्हणाला आणि तिकिटाच्या दोन्ही पर्च्या त्याने पायलटच्या हातात कोंबल्या. "मागे गुडघा दुमडायला जागा नाही. मग उतरताना मलाच तुला ओढून काढावं लागेल."

रत्नाकरराव काही बोलेपर्यंत त्यांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा आवळलाही होता. कानांवर हेडफोन आले. चार माणसांच्या त्या विमानाचं दार घरातल्या कपाटाच्या दारासारखं हलक्या आवाजात बंद झालं. एवढ्याच दाराच्या भरवशावर वर जायचं होतं.

बेत वेगळा होता. पुढची सीट त्यांनी मुद्दाम दिवाकरच्या नावावर घेतली होती. तो पुढे, आपण मागे. त्याच्या टकलाकडे पाहत सांगून टाकता आलं असतं. तोंडावर सांगायचं धैर्य आपल्यात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता तो मागे होता आणि त्याची नजर आपल्या मानेवर आहे असं त्यांना सारखं वाटत होतं.

सदऱ्याच्या आतल्या खिशात लिफाफा होता.

विमानाने जमीन सोडली. बिजौलीच्या कारखान्यांचे पत्रे चमकले, मग रुळांचं जाळं आलं.

"ते बघ नगरा, आमचा मोहल्ला! उषा गच्चीवर कपडे वाळत घालतेय!" दिवाकर ओरडला.

"इथून दिसतं तुला?"

"दिसत नाही रे. पण या वेळी ती तिथंच असते."

पायलट हसला. "चाचाजी, डर तो नहीं लग रहा?"

"इनको तो छत के पंखे से भी डर लगता है, भैया," दिवाकरने परस्पर उत्तर दिलं.

खोटं नव्हतं ते. सगळी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आणि उरलेला वेळ पुस्तकांत गेलेला माणूस. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना घाम फुटायचा. पण एकदा बेतवा नदी वरून बघायची, हे दिवाकर तीस वर्षं म्हणत होता. मंगळवारी रिपोर्ट हातात आला आणि बुधवारी रत्नाकररावांनी उड्डाण ठरवून टाकलं.

मागच्या महिन्यात सिव्हिल लाइन्समध्ये ज्येष्ठांसाठी छातीच्या तपासणीचं शिबिर होतं. दोघे मिळून गेले होते. पर्च्या, रांग, खिडकी, सगळं दिवाकरनेच सांभाळलं. खिडकीपाशी बोलायचं म्हटलं की रत्नाकररावांची जीभ आत ओढली जाई. रिपोर्ट आणायला मात्र ते एकटे गेले. लिफाफे चिकटवलेले नव्हते.

स्वतःचा त्यांनी आधी पाहिला. सगळं ठीक होतं. त्यांना हायसं वाटलं. मग दिवाकरचा उघडला. उजव्या फुप्फुसात मोठी गाठ, आणि खाली लाल शाईत 'तत्काल'. आधी हायसं वाटल्याची त्यांना अजून लाज वाटत होती. नवल तरी कसलं? तरुणपणी याने वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून कोळसा लोटला होता, आणि वर विड्या.

"रत्नाकर," कानात आवाज आला. "तुझा रिपोर्ट आला, मग माझा कुठे अडकला?"

"येईल ना..." त्यांना खोकला आला.

"अजून खोकतोसच तू?"

"पुस्तकांची धूळ."

"विमानात कुठली पुस्तकं?"

टेकड्या सुरू झाल्या. विमानाने एक गचका खाल्ला आणि रत्नाकररावांनी सीटची कड गच्च धरली. खाली दरीतून बेतवा वळसे घेत चालली होती, मधूनमधून खडकांनी फाटलेली. पुढे बरुआसागरचा तलाव उन्हात पसरला होता.

आता. पायलटला मराठी कळत नाही, उषा वहिनी जवळ नाहीत. सांगायचं तर इथेच. त्यांनी मनात वाक्य जुळवलं, पुसलं, पुन्हा जुळवलं. मग मान वळवली.

दिवाकरने काचेला कपाळ टेकवलं होतं. त्याचे डोळे भरले होते.

"सगळं आयुष्य रुळांवरून गेलं बघ," तो म्हणाला. "रूळ नसलेली वाट आज पाहिली."

रत्नाकरराव पुन्हा समोर बघू लागले. उतरू दे याला. एवढं तर त्याचं राहू दे.

जमिनीला चाकं लागली. कडुनिंबाच्या सावलीत दिवाकरने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. पायलट दोन जाड कागद घेऊन आला. उड्डाणाची प्रमाणपत्रं.

"आगे वाली सीट, दिवाकर जी, ये आपका," म्हणत त्याने एक रत्नाकररावांच्या हातात दिलं.

नाव चुकलंय, एवढं म्हणायलाही त्यांची जीभ उचलेना. त्यांनी नमस्कार केला.

दिवाकर खो खो हसला. "घ्या! तुझा गुडघा दुखतो म्हणून माझ्या पर्चीवर तुला बसवलं, तर नावही माझंच चिकटलं. आणि तू नमस्कार काय करतोस? आण इकडे."

हसणं ओसरण्याआधीच सांगायला हवं होतं. रत्नाकररावांनी लिफाफा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुझा रिपोर्ट मंगळवारीच आला होता. मी खोटं बोललो. चांगला नाही, दिवाकर. पण मी आहे. दिल्लीला जाऊ, मुंबईला जाऊ. मी तुझ्याबरोबर येईन."

दिवाकरने चष्मा लावला. एकदा वाचलं, मग वरचं नाव बोटाने चाचपत पुन्हा वाचलं. हातातल्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"हा त्या शिबिरातला ना? रांगेत उभे होतो, त्या दिवशीचा?"

"हो." रत्नाकररावांना पुन्हा खोकला आला. "घाबरू नकोस तू."

दिवाकरने कागदाची घडी घातली. 

"त्या दिवशीही तुझा गुडघा दुखत होता, रत्नाकर," तो म्हणाला. "माझा नंबर आधी होता. तिथंही तुला मी माझ्याच पर्चीवर आत पाठवलं होतं."