पक्कं काम

जिवावर उदार होऊन फिरायची हौस असलेल्या लोकांना तो जगभर घेऊन जायचा. ज्वालामुखीचं तोंड असो नाहीतर दरीच्या कडेने जाणारी वीतभर रुंदीची वाट, सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन कड्यात खुंट्या ठोकायच्या आणि दोर बांधायचा, हे त्याचं काम. त्याच्या दोरावर आजवर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

या वेळी तो निघाला तेव्हा आई नेहमीसारखी म्हणाली, "जिवाला जप रे."

बाबा म्हणाले, "त्याची कसली काळजी करतेस? बाळा, बाथरूममध्ये धरायला ती दांडी आणलीय, तेवढी लावून जातोस का?"

"आल्या आल्या लावतो, बाबा. पाच मिनिटांचं तर काम," म्हणत त्याने सॅक पाठीवर टाकली.

महिन्याभराने तो धडधाकट परतला, तर बाबा पलंगावर आणि त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"बाथरूममध्ये घसरले," आई हळूच म्हणाली. "तू तिकडे कड्यावर, म्हणून कळवलं नाही."

दांडी अजून खोक्यातच होती. ती पाहून तो बाबांवरच चिडला. "अहो, मग प्लंबरला तरी बोलवायचं ना!"

 

"आला होता की," बाबा कौतुकाने हसले. "मीच परत पाठवला. म्हटलं, आमच्या पोराने ठोकलेल्या खुंट्यांवर अख्खं जग निर्धास्त लटकतं, त्याच्याइतकं पक्कं कोण बसवणार?"